कुत्र्याच्या आहाराचा दाखला

गुरांच्या दवाखान्यात आलेल्या जनावराचा केसपेपर करताना त्याचा आहार विचारायची पद्धत आहे. गाईम्हशीच्या बाबतीत उत्तर सरळ येतं: कुटार, ढेप, असला तर हिरवा चारा. कुत्र्याच्या बाबतीत माणसं आधी माझ्याकडे बघत, मग एकमेकांकडे. बुलढाण्यात नोकरीला होतो तेव्हा कुत्र्याचा आहार विचारला की लोक स्वतःचा सांगत. पुढे उंद्रीकडच्या दवाखान्यात बदली झाली, तिथे उत्तर ठरलेलं होतं. "काय खाते म्हंजे? भेटन ते खाते." या दोन उत्तरांतलं शास्त्राला धरून कोणतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि एक चूक करावी लागली. ती चूक माझ्याच सहीची आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

आधी शास्त्र काय म्हणतं ते उरकून टाकतो. प्राणिशास्त्राने कुत्र्याला मांसभक्षी गणात बसवलं आहे. पण हे बसवणं दात, कवटी आणि पूर्वज पाहून झालेलं आहे, ताटात काय पडतं ते पाहून नव्हे. आमच्या ज्ञानगंगेच्या जंगलातलं अस्वलही त्याच गणातलं, आणि ते मोहाची फुलं, बोरं, वारुळातली वाळवी यांवर मजेत जगतं. मांजर मात्र पक्की मांसाहारी. तिच्या शरीराला लागणारी काही द्रव्यं मांसाखेरीज तिला मिळत नाहीत आणि तिला ती स्वतः तयार करता येत नाहीत. कुत्र्याचं तसं नाही. तो लांडग्याचा वंशज खरा, पण हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्याशेजारी काढल्यावर त्याच्या पोटाने भाकरी-भात पचवायची सोय करून घेतली. ही सोय लांडग्यात फारच थोडी असते. म्हणजे कुत्र्याचे दात पूर्वजांचे आणि पोट शेजाऱ्यांचं. अशा प्राण्याला मिश्राहारी म्हणतात. मांस मिळालं तर तो आधी मांस खाईल, यात शंका नाही. पण नाही मिळालं म्हणून उपाशी मरणार नाही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पटलं ते बुलढाण्याच्या एका निवृत्त हेडक्लार्कांमुळे. त्यांच्याकडे चार महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू होतं. पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. मी आहार विचारला.

"आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत," ते म्हणाले.

"आणि कुत्रा?"

"तोही आमच्याकडेच असतो."

दूध-पोळी, दोन वेळा. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, कारण त्या दिवशी घरात दुसरं काही शिजत नसे. वाढत्या पिल्लाच्या हाडांना यात पुरेसं काही मिळत नव्हतं. मी अंडं सुचवलं.

"डॉक्टर, अंडं घरात येणार नाही. दुसरं काही असेल तर सांगा, तक्ता करतो."

मग मी सांगत गेलो आणि ते लिहीत गेले: घट्ट वरण, पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या, औषध म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. त्यांनी खरोखरच तक्ता केला, भिंतीला लावला, आणि वेळ झाली की टिकमार्क. काही महिन्यांत पिल्लाचे पाय बऱ्यापैकी सरळ झाले. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो, पण त्याला घरात एक हेडक्लार्क लागतो, असा निष्कर्ष मी काढला. तो आजही मागे घेतलेला नाही.

त्या पिल्लाच्या पायांबरोबर माझी मानही जरा ताठ झाली. कुत्र्याच्या आहारातलं मला कळतं असं लोक म्हणू लागले आणि मी ते ऐकून घेऊ लागलो. पुढच्या चुकीची तयारी अशी पूर्ण झाली.

उंद्रीपासून थोड्या अंतरावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात. गावात तंटे मिटवण्यासाठी एक समिती होती. तिच्या अध्यक्षांना आपण भाऊसाहेब म्हणू. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात माळ, खिशाला दोन पेनं. ते एका सकाळी दवाखान्यात आले आणि टाईप केलेला अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वर जावक क्रमांक होता. विषय: "कुत्रा या प्राण्याचा आहार निश्चित करून मिळणेबाबत."

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"समितीले माहिती पायजे, साहेब. रेकॉर्डले."

खरं सांगायचं तर मी हरखलो. तीस वर्षांत लोक माझ्याकडे इंजेक्शन मागायला आले होते, दाखले मागायला आले होते. ज्ञान मागायला आलेला हा पहिलाच माणूस. मी लेटरहेड काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: "कुत्रा हा प्राणिशास्त्रीय वर्गीकरणानुसार मांसभक्षी गणातील प्राणी होय." दुसऱ्या परिच्छेदात मिश्राहाराचा खुलासा करणार होतो. तेवढ्यात पोट फुगलेली गाय आली. मी घाईत सही केली, गोल शिक्का मारला आणि कागद देऊन टाकला. खुलासा डोक्यातच राहिला.

चार दिवसांनी एक बाई आल्या. पस्तीस-चाळीसच्या. बरोबर जनावर नाही. दारातूनच "जयभीम, साहेब" म्हणाल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"कुत्र्याचा कागद तुमीच देल्ला काय?"

"हो."

"माह्या भुऱ्याले पाह्यलं हाये काय तुमी कधी?"

"नाही."

"मंग लिहून कसं देल्लं?"

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांचं नाव रेखाबाई. गावाच्या कडेला त्यांचं दोन एकर शेत, शेतातच घर. नवरा वारलेला, मुलगी बारावीला. शेतात हरभरा उभा होता आणि रोही म्हणजे नीलगाई, रानडुकरं यांच्यापासून तो राखायला भुऱ्या नावाचा कुत्रा. शेताला लागून गजूभाऊ नावाच्या शेळीवाल्याचा गोठा. त्याच्या गोठ्यात तीन आठवड्यांत तीन वेळा शेळीची पिल्लं मेलेली सापडली होती, आणि तिन्ही वेळा भुऱ्या तोंडाला रक्त लागलेला दिसला होता.

"मी मीटिंगमंधी सांगतलं, भुऱ्या माह्या घरची भाकर खाते, तो बकरीच्या वाटी जात नाही. तं भाऊसायबानं तुमचा कागद वाचला. उभं राहून वाचला, साहेब. मांसभक्षी. मंग कोन माहं आयकते?"

समितीने ठरवलं होतं: शुक्रवारपर्यंत कुत्रा नाहीसा करायचा. कागद ज्यांनी दिला त्याच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर उत्तम. नाही तर गाव पाहून घेईल. गाव कसं पाहून घेतं ते आम्ही दोघंही जाणत होतो. मटणाच्या तुकड्यात विषाची पुडी.

मी कायदा सांगितला. असं मारता येत नाही. कायदा आमच्या भागात येतो, पण शेवटच्या बसने येतो आणि ती गाडी कधी कधी रद्द होते. रेखाबाईंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

"भुऱ्या नसला तं हरभरा जाते, साहेब. पोरीले अभ्यास सोडून डुकरं हाकलाले बसवू काय?"

त्या दिवशी मंगळवार होता. निघताना त्या म्हणाल्या, "आज सकाऊन अजून एक झालं. गजूभाऊनं टोपल्याखाली झाकून ठेवलं हाये. भाऊसायब पंचनामा करनार म्हंतात."

कोणाच्या डामडौलाचा मला त्यापूर्वी किंवा नंतर कधी इतका आनंद झाला नाही. पंचनाम्याची हौस नसती तर ते पिल्लू सकाळीच उकिरड्यावर गेलं असतं आणि पुरावा संपला असता. मी बॅग उचलली आणि रेखाबाईंबरोबर निघालो.

गोठ्यात गजूभाऊ बसला होता. पंचेचाळिशीचा, काटकुळा, भरदुपारी अंगाभोवती चादर घेतलेला. बाजूला फाईल घेऊन भाऊसाहेब. समोर टोपलं. बांधापलीकडे भुऱ्या साखळीला, आमच्याकडे बघत.

हातमोजे घालून मी टोपलं उचललं. मागचा भाग खाल्लेला होता. मी आधी खूर पाहिले. नवजात पिल्लाच्या खुरांवर मऊ, पिवळट आवरण असतं. पिल्लू उभं राहून चार पावलं चाललं की ते झिजू लागतं. इथे चारही खुरांवर ते जसंच्या तसं होतं. अंगावरचे केस विरळ. हे पिल्लू जमिनीवर कधी उभं राहिलंच नव्हतं.

"गजूभाऊ, ही बकरी कधी व्यायची होती?"

"अजून महिना होता, साहेब."

"आणि आधीच्या तीन?"

"त्याह्यलेबी टाइम होता."

"तुला याचं नवल वाटलं नाही?"

"वाटलं ना. कुत्र्याच्या भेवानं गाभ टाकला त्याह्यनं."

भाऊसाहेब लगेच लिहू लागले. "म्हंजे गुन्हे दोन झाले. एक भेव देल्ल्याचा आनि दुसरा खाल्ल्याचा."

तोंडी सांगून काही होणार नाही हे तेव्हा लक्षात आलं. माझ्या कागदाला माझाच शब्द पुरा पडला नसता. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. मी रेखाबाईंकडे लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मागितल्या, काचेच्या. आणि गावात मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या फुफ्फुसाचा एक तुकडा आणायला सांगितला. मोटरसायकल एकट्या भाऊसाहेबांची होती. गळ्यातल्या माळेला एका हाताने धरून ते गेले, आणि परतले तेव्हा पिशवी हँडलला लांब दोरीने बांधलेली होती. वाटेत त्यांना चार जणांनी पाहिलं, त्यामुळे गोठ्यापाशी गर्दी जमायला वेळ लागला नाही. सगळ्यांना मी दहा पावलं मागे उभं केलं.

बरण्यांत पाणी भरलं. दुकानातला तुकडा पहिल्या बरणीत टाकला. तो वर तरंगला. मग पिल्लाची छाती उघडली, फुफ्फुसाचा तेवढाच तुकडा कापला आणि दुसऱ्या बरणीत सोडला. तो तळाशी गेला आणि तिथेच राहिला.

"हे कसं काय?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

मी सांगितलं. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की फुफ्फुसात हवा शिरते आणि ती पुन्हा पूर्ण कधी निघत नाही. म्हणून श्वास घेतलेल्या जिवाचं फुफ्फुस तरंगतं. या पिल्लाने एकही श्वास घेतलेला नाही. ते पोटातच मेलं होतं. कुत्र्याने खाल्लं ते मेलेलं, आणि बहुधा त्याआधी जार, म्हणजे विताना पडलेली वार खाल्ली. जार कुठे टाकला होता?

"उकिरड्यावर," गजूभाऊ म्हणाला. "लोक वडाले टांगते. मले तं उठवत नाही सध्या, टाकला तसाच."

"उकिरड्यावर टाकलेला जार गावातलं कुठलं कुत्रं खाणार नाही? ते त्याचं अन्नच आहे. माणूस झाडतो आणि कुत्रं पुसतं, असं हे फार जुनं चाललेलं आहे."

"माह्यंच दिसलं फक्त," रेखाबाई म्हणाल्या, "काऊन का ते बांधाले लागून हाये."

गर्दी बरण्यांकडे बघत होती. भाऊसाहेबांनी दोनदा वाकून पाहिलं, दुसऱ्या खेपेला चष्मा लावून. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. त्याचं श्रेय मी त्यांना देतो.

"मंग मारलं कोनं?"

चार शेळ्या, एका महिन्यात, सगळ्यांचा गाभ शेवटच्या महिन्यात गेलेला. मी गजूभाऊकडे वळलो. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तुला ताप किती दिवसांपासून आहे?"

"दोन महिने झाले. येते आनि जाते. सांजच्या पारी घाम फुटते, कंबर धरते. टायफाईडच्या गोया दोनदा झाल्या."

"शेळीचं दूध तापवून पितोस?"

"धारोष्ण चांगलं रायते म्हंतात ना, साहेब."

ब्रुसेलोसिस नावाचा एक रोग आहे. आमच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात. शेळ्यांचा गाभ पडतो. पडलेल्या पिल्लात, जारात, दुधात जंतू असतात, आणि ते हाताळणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या माणसाला असाच येऊन-जाऊन राहणारा ताप देतात. डॉक्टर टायफाईड समजतात, कारण टायफाईड जास्त दिसतो. मी शेळ्यांचं रक्त घेतलं, भुऱ्याचंही घेतलं, आणि गजूभाऊला जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. चिठ्ठीत या वेळी खुलाशासकट लिहिलं. पिल्लू आणि उरलेला जार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला.

शुक्रवारी भाऊसाहेब दवाखान्यात हजर.

"बरन्यायचं सगळ्यायनं पाह्यलं, साहेब. पन तोंडी जमत नाही. पहिला कागद रेकॉर्डवर हाये."

"म्हणजे दुसरा हवा."

"जावक नंबरासकट."

मी दुसरा कागद लिहिला. पहिला अपुरा होता, हे पहिल्याच ओळीत. पुढे असं: कुत्रा दातांवरून मांसभक्षी गणातला असला तरी आहाराने मिश्राहारी आहे, सदर भुऱ्याने शेळीचं पिल्लू मारल्याचा पुरावा नाही, उलट ते पोटातच मेल्याचा पुरावा आहे, जार आणि पडलेला गाभ उघड्यावर टाकणं हे गावाने बंद करावं, कुत्र्याला पोटभर भाकर दिल्यास तो उकिरड्याकडे कमी जातो. भाऊसाहेबांनी तो कागद संध्याकाळी उभं राहून वाचला, असं कळलं. विषाची पुडी ज्याच्या कोणाच्या खिशात होती, त्याच्या खिशातच राहिली.

रक्ताचे अहवाल आले. भुऱ्या स्वच्छ. गजूभाऊच्या चार शेळ्यांत रोग निघाला, आणि गजूभाऊतही. माणसाला यावर औषध आहे, सहा आठवडे नेमाने घ्यावं लागतं. शेळीला असं भरवशाचं औषध नाही. त्या चार शेळ्या कळपातून कायमच्या काढाव्या लागल्या. गजूभाऊने त्यांची दावी स्वतःच्या हाताने सोडली, त्याला इलाज नव्हता. पण एक गोष्ट मला अजून टोचते. भाऊसाहेब अर्ज घेऊन आले त्या सकाळी मी "कोणता कुत्रा?" एवढे दोन शब्द विचारले असते, तर चार दिवस आधी गोठ्यात पोचलो असतो. त्या चार दिवसांत गजूभाऊच्या सुनेने उघड्या हातांनी गोठा झाडला होता. ती गरोदर होती. तिच्या रक्तात काही निघालं नाही, हे नशीब. त्यात माझं कर्तृत्व नाही.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात, निवृत्तीला दोन-तीन महिने राहिले असताना, गजूभाऊचा फोन आला. आवाजावरून माणूस बरा होता.

"साहेब, इकडून चालले असान तं या जरा. बकरी व्याली."

"काही अडचण?"

"अडचन काऊन पायजे?"

मी गेलो. गोठा चुन्याने रंगवलेला. नव्या शेळीखाली दोन पिल्लं, दोन्ही उभी, दोन्ही पीत. कोपऱ्यात कमरेइतका खड्डा, शेजारी चुन्याची पिशवी आणि हातमोज्यांची जोडी. गजूभाऊ अंगाने भरला होता. जार अजून खड्ड्यात टाकायचा होता, आणि भुऱ्या बांधावर बसून त्याच दिशेने नाक वर करत होता. बांधलेला नव्हता.

गजूभाऊने आधी हात धुतले. मग घरातून भाकरी आणली, ताकात कुस्करली, वर एक उकडलेलं अंडं फोडून घातलं आणि बांधावर नेऊन ठेवली. भुऱ्याने एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा ताटलीकडे, आणि ताटली निवडली.

"पोट भरलं म्हंजे उकरत नाही तो," गजूभाऊ मला म्हणाला, एखाद्या प्राध्यापकासारखा. "मिश्राहारी हाये."

पलीकडून हरभऱ्यातून रेखाबाई आल्या. मुलगी बुलढाण्याला नर्सिंगला लागली, हे त्यांनी मला आधी सांगितलं. मग त्या गजूभाऊवर घसरल्या.

"गजूभाऊ, तुमी माह्या कुत्र्याची सवय बिघडवून राह्यले. काल माह्या हातची भाकर नुसती हुंगली त्यानं. अंडं कुठं हाये म्हनून माह्याकडे पाहून राह्यला होता."

गजूभाऊने खड्ड्यात चुना टाकता टाकता मान वर केली.

"पाहू द्या ना, रेखाताई. खानं दोघायचं खाऊन राह्यला, तं राखनबी दोघायची करन तो."

रेखाबाईंनी रिकामी ताटली उचलली. "हाव," त्या म्हणाल्या. "पन अंडं एक दिवसाआड."